वर्गातल्या शहाण्या पोरीची छडी करू नका

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत सहावी ते नववीच्या वर्गांना शिकवणाऱ्या सर्व बाईंना आणि सरांना,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी आठवीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या वह्यांची कव्हरं फाटली म्हणून एका रविवारी मी ती बदलायला घेतली. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने वारांची नावं लिहिलेली दिसली आणि प्रत्येक वारापुढे उभ्या रेघा. दोन, दोन, एक, दोन. एका गुरुवारपुढे तीन रेघा होत्या आणि तिसरी इतकी खोडली होती की कागद फाटायला आला होता. मला वाटलं, चुकलेल्या गणितांचा हिशेब असेल. विचारलं तर आधी काही बोलेना. मग म्हणाली, "वर्गात दिवसातून दोनदाच उत्तर द्यायचं ठरवलंय. गुरुवारी बाईंनी तिसऱ्यांदा मलाच उठवलं."

का ठरवलंस, असं विचारल्यावर म्हणाली, "मी हात वर केला की सगळे म्हणतात, आली विकिपीडिया."

तुमच्यापैकी कुणाशी भांडायला हे पत्र लिहीत नाही. माझ्या मुलीचा दोष मला दिसतो. ती घरातही माणसाला टोकते, आजोबांचं वाक्य पुरं होऊ देत नाही. मध्यंतरी वर्गात कास पठाराचा विषय निघाला. बाई सांगत होत्या की कासला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. हिने बसल्या जागेवरून सांगितलं की एकट्या कासला नाही, २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागांना मिळून दिला, आणि त्यांत आपल्या बाजूच्या चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. माहिती बरोबर होती. पण बाईंचं बोलणं अजून चालू होतं, आणि कासच्या वाटेवरच्या गावातून येणाऱ्या एका मुलाने, जो एरवी कधी बोलत नाही, त्या तासाला हात वर केला होता. हिचं बोलणं झाल्यावर त्याचा हात खाली गेला. हे मला तिनेच सांगितलं. सांगताना तिला त्या हाताचं काही वाटलं नव्हतं. मला मात्र वाटलं, कारण तिच्या वयात मीही अशीच होते आणि अशा खाली गेलेल्या हातांचं पुढे काय होतं ते मी फार उशिरा ऐकलं.

माझी शाळा कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात होती. शिष्यवृत्तीची परीक्षा आमच्या वेळी चौथीला आणि सातवीला असायची. सातवीला आमचा सकाळी जादा तास असायचा. थंडीचे दिवस, पोरं स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसलेली. बाई पाढे विचारायच्या. उत्तर आलं नाही की उभं राहायचं. असं करत ओळच्या ओळ उभी राहायची आणि प्रश्न माझ्यापर्यंत यायचा. "एकोणतीस साती?" "दोनशे तीन." मग बाई म्हणायच्या, "चल, दे सगळ्यांना एकेक." ज्याला उत्तर आलं त्याने उभ्या असलेल्या प्रत्येकाचं डाव्या हाताने नाक धरायचं आणि उजव्या हाताने थोबाडीत मारायची. हळू मारली तर बाई म्हणायच्या, "अशी मारतात का?" आणि कशी मारायची ते माझ्याच गालावर दाखवायच्या. माझ्या वयाच्या पुष्कळ जणांना ही शिक्षा आठवत असेल. ती काही आमच्याच शाळेत होती असं नाही.

त्या दिवशी ओळीत तिसरी माझी मैत्रीण होती. रोज मधल्या सुट्टीत आम्ही एका डब्यात खायचो. ती बाजरीची भाकरी आणि खर्डा आणायची, भाकरीचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवायची. तिचं नाक थंडीने गार पडलं होतं, ते माझ्या बोटांना अजून आठवतं. मी मारली. आधीच्या दोघांना हळू मारल्याबद्दल मला एक बसली होती, म्हणून तिला जोरात मारली. दुपारी ती दुसऱ्या पोरींबरोबर जेवायला बसली. आमचं भांडण झालं नाही, अबोला धरला असंही नाही. ती फक्त परत माझ्याशेजारी आली नाही. दहावीपर्यंत मी मधली सुट्टी बहुतेक पायरीवर पुस्तक घेऊन काढली. माझं नाव वर्गात 'पट्टी' पडलं. बाईंची पट्टी.

घरी सांगितलं तर सगळे एकच म्हणायचे, "जळतात गं तुझ्यावर." मी ते खरं मानलं, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं खरंच मानत राहिले. पालकांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही माझी विनंती आहे, हे वाक्य मुलांना देऊ नका. त्याने मुलाला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि वर्गातल्या चाळीस जणांना काय म्हणायचंय ते ऐकायचे त्याचे कान कायमचे बंद होतात.

मला ते गेल्या वर्षी ऐकायला मिळालं. दहावीला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेच्या मैदानावर आमच्या बॅचचा स्नेहमेळावा होता. ती मैत्रीण आली होती. आता तिची आल्याची शेती आहे, दोन मुलं कॉलेजात आहेत. जेवणं झाल्यावर मी तिला बाजूला घेऊन माफी मागितली. ती हसलीही नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मारल्याचं काय नव्हतं गं. घरी भाऊ मारायचाच की. पण तू मारलीस आणि लगेच बाईंच्या तोंडाकडं बघितलंस. बरोबर मारली का, म्हणून."

मला बोलायला सुचलं नाही. मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आणि मला यायचं गं उत्तर. फक्त मला एकोणतीस एके पासनं म्हणत यावं लागायचं. मी पाचाला पोचायची तवर बाई पुढं गेलेल्या असायच्या. आणि मग तू."

बाई, सर, हे पत्र मी या दोन वाक्यांसाठी लिहायला घेतलं.

आता वर्गात तशी शिक्षा सहसा कुणी देत नाही, कायद्याने देऊ शकत नाही. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आहे, त्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा करायला मनाई केली आणि मानसिक त्रास द्यायलाही. पण हात थांबला तरी वाक्य थांबलेलं नाही. "हिच्याकडून शिका जरा." "तिला येतं मग तुम्हाला का येत नाही? ती काय वेगळं खाते?" "जाऊ दे, तूच सांग." वह्या तपासायला तीच, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला तीच, बाई ऑफिसात गेल्या की वर्गावर लक्ष ठेवायला तीच. यातलं काहीच तुम्ही वाईट हेतूने करत नाही, हे मला माहीत आहे. साठ पोरांचा वर्ग, पोर्शन संपवायचा, त्यात ऑनलाइन माहिती भरायची कामं. अशा वेळी ज्या पोरीला येतं तिचा आधार वाटतो. पण तिला प्रत्येक वेळी उठवून तुम्ही तिच्या हातात तीच जुनी शिक्षा देता, फक्त आता ती गालावर उठत नाही.

वर्गाला ती कशी दिसते, हे मी आता माझ्या मुलीच्या वर्गमैत्रिणींकडून, त्यांच्या आयांकडून ऐकते. मागच्या बाकांवरच्या पोरांना तिचं फारसं काही नसतं. ती तिला चिडवतात, 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' म्हणतात आणि विसरून जातात. खरा राग मधल्या बाकांवर असतो. त्या मुलांना उत्तर येतं, फक्त थोडं उशिरा येतं. ते ओठावर येईपर्यंत ही बोलून मोकळी होते, बाई "शाबास" म्हणतात आणि धडा पुढे सरकतो. असं वर्षभर रोज घडलं की मूल डोक्यात शोधायचंच सोडून देतं. माझ्या मुलीच्या वर्गात आता बाईंनी प्रश्न विचारला की पोरं एका सुरात तिचंच नाव घेतात, "तीच सांगेल, बाई!" ऐकायला गंमत वाटते. खरं तर चाळीस जणांनी विचार करायचं काम एकीवर सोपवून दिलेलं असतं. तिला समजलं म्हणजे वर्गाला समजलं, हे वर्गालाच पटलेलं असतं. मग तिचा राग येणार नाही तर काय होईल? त्या रागाला मी जळणं म्हणणार नाही. त्यांचं काहीतरी गेलेलं असतं आणि ते कुणी नेलं एवढंच त्यांना दिसतं. नेण्याची वाट कुणी करून दिली ते दिसत नाही.

अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या शिक्षणतज्ज्ञ बाई होत्या. १९७० च्या दशकात त्यांनी शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात? सरासरी एक सेकंद. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे शिक्षक ज्यांना हुशार समजत त्यांच्यासाठी जास्त थांबत आणि ज्यांना कच्चे समजत त्यांच्यासाठी कमी. म्हणजे ज्याला वेळ हवा त्यालाच तो मिळत नव्हता. शिक्षकांनी सराव करून निदान तीन सेकंद थांबायला सुरुवात केली तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणं कमी झालं, आणि ज्यांच्याकडून काही येईल असं शिक्षकांना वाटत नव्हतं ती मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद! माझ्या मैत्रिणीला एकोणतीसच्या पाचापासून सातापर्यंत जायला तेवढेच लागले असते.

हे वाचल्यावर मी घरी घड्याळ लावून बघितलं. मुलीला आणि तिच्या धाकट्या भावाला एकत्र बसवून प्रश्न विचारायचा आणि तीन सेकंद मनात मोजायचे. फार जड जातं. शांतता अंगावर येते, आपणच उत्तर सांगून टाकावं असं वाटतं. मुलगी तर खुर्चीतून अर्धी उठते. पण चौथ्या-पाचव्या दिवशी धाकटा बोलायला लागला. आणि एकदा त्याने सांगितलेली रीत तिला माहीत नव्हती. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. चिडली नाही, "परत सांग" म्हणाली. मी तिला कुणाला "परत सांग" म्हणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

या "परत सांग"चं मोल मला माझ्या नोकरीत कळलं. मी साताऱ्यात एका लॅबमध्ये काम करते. रक्ताच्या स्लाइडवर काही संशयास्पद दिसलं की ती दुसऱ्या कुणाला दाखवून घ्यायची, हा आमच्या कामातला पहिला धडा. मला तो गिरवायला दोन वर्षं लागली. स्लाइड पुढे ठेवून मी एकटीच तास तास बसायचे, शेजारच्या टेबलावरच्या मुलीला "जरा बघतेस का" म्हणायला माझी जीभ उचलायची नाही. न येणं म्हणजे ओळीत उभं राहणं, आणि उभं राहणाऱ्याचं नाक धरतात, हेच मी शाळेत शिकले होते. तेव्हा नुकसान फक्त मारल्या गेलेल्यांचं झालं असं समजू नका. वर्गातल्या त्या पोरीला कौतुकाचा एकच दरवाजा माहीत असतो, सगळ्यांत आधी बरोबर बोलण्याचा. म्हणून ती त्याच दरवाजावर धडका मारत राहते. आणि एखाद्या दिवशी तिने बाईंचीच चूक दाखवली की त्याच बाई म्हणतात, "जास्त शहाणपणा करू नकोस, ये, तूच शिकव." मुलगा असला तर निदान "हुशार आहे, जरा आगाऊ आहे" म्हणून सोडून देतात. मुलीला ते 'शहाणी' आयुष्यभर चिकटतं.

मग करायचं काय, असं तुम्ही विचाराल. तुमच्या कामात मी काय सांगणार! पण एक गोष्ट मला फार पटली. १९७१ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि रोज मारामाऱ्या व्हायला लागल्या. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाला शाळांनी मदतीला बोलावलं. तो आणि त्याचे विद्यार्थी वर्गात नुसते बसून राहिले, तर त्यांना काय दिसलं? बाई प्रश्न विचारतात, पाच-सहा हात ताणून वर जातात, एकाचं नाव घेतलं की बाकीच्या हातवाल्यांचा हिरमोड होतो आणि तो चुकावा म्हणून ते वाट बघतात. मला वाचताना आपलाच वर्ग दिसला. त्यांनी धड्याचे तुकडे केले. पाच-सहा मुलांचा गट, प्रत्येकाकडे एकच तुकडा. निरनिराळ्या गटांतली, पण एकच तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करणार आणि मग आपापल्या गटात येऊन तो शिकवणार. चाचणी मात्र सगळ्यांची सगळ्या धड्यावर. आता सगळ्यांत हुशार मुलालाही शेजाऱ्याचं ऐकल्यावाचून गत्यंतर नाही. शेजारी अडखळला तर हसून चालत नाही, त्याला प्रश्न विचारून विचारून त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं.

आपल्याकडे हे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या धड्यावर करून बघा. एकाकडे १८८७ चा कुंभोजचा जन्म आणि बालपण, दुसऱ्याकडे १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्थेची सुरुवात, तिसऱ्याकडे १९२४ चं साताऱ्याचं वसतिगृह आणि त्याचं १९२७ मध्ये गांधीजींच्या हातून झालेलं नामकरण, चौथ्याकडे वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी दागिने मोडणाऱ्या लक्ष्मीबाई, पाचव्याकडे 'कमवा आणि शिका'. लक्ष्मीबाईंचा तुकडा वर्गातल्या सर्वांत अबोल मुलीला द्या. माझ्या मुलीसारखीला द्यायचा तर सनावळीचा तुकडा देऊ नका, ती तो पाठ म्हणून दाखवेल. त्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीला जेवायची. तो तुकडा द्या आणि सांग म्हणावं, कसं वाटलं असेल त्यांना.

आणि सातारा जिल्ह्यातली मुलं असतील तर त्यांना एकदा वाईच्या विश्वकोशाबद्दल सांगा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी म्हणजे या जिल्ह्याने पाहिलेल्या सर्वांत विद्वान माणसांपैकी एक. ते मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक होते, पहिला खंड १९७६ साली निघाला. पण त्यातल्या नोंदी त्यांनी एकट्याने लिहिल्या नाहीत. ज्या विषयाचा जो जाणकार, त्याच्याकडून लिहून घेतल्या. मी हे मुलीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे त्यांनापण दुसऱ्यांना विचारायला लागलं?" हो म्हटलं. बराच वेळ ती काही बोलली नाही.

माझं मागणं थोडं आहे. प्रश्न विचारल्यावर थांबा, आणि हात वर करायच्या आधी सगळ्यांना उत्तर वहीत लिहू द्या. म्हणजे जिला पटकन येतं तिचंही वाया जात नाही आणि ज्याला उशिरा येतं त्याचंही. तिला वह्या तपासायला लावू नका, फळ्यावर नावं लिहायला लावू नका. तिचं उदाहरण दुसऱ्याला देऊ नका, चांगल्या अर्थानेही नको. तिची घाई खुपत असेल तर वर्गासमोर टोमणा मारण्याऐवजी तास संपल्यावर तिला जवळ बोलवा आणि सरळ सांगा की तुला येतं हे मला माहीत आहे, ते रोज सिद्ध करायची गरज नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला हे कुणीतरी मोठ्या माणसाने सांगावं लागतं. मला कुणी सांगितलं नाही. आणि अधूनमधून तिच्यापुढे असं काहीतरी ठेवा जे तिला येत नाही आणि मागच्या बाकावरच्याला येतं. कोरेगाव, खटाव, तासगाव, जत इथल्या वर्गांत अशी पोरं कमी नाहीत. कुणाला मोटर कुठे बिघडली ते आवाजावरून कळतं, कुणाला द्राक्षाच्या छाटणीचं कळतं. विज्ञानाच्या तासाला ते चालतं.

हे पत्र लिहिण्याआधी मी मुलीला विचारलं. तिच्या वहीचं पान आहे, तिची परवानगी हवी. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव नको." मग दप्तर भरता भरता परत आली आणि म्हणाली, "बाईंचंही नको. बाई चांगल्या आहेत."

आपली,
आठवीतल्या एका मुलीची आई,
सातारा